बर्फाखाली गळ किती खोल सोडायचा?
गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय की बर्फाखाली सगळे मासे तळाला बसतात, म्हणून गळ पार खाली सोडायचा. नाही पटत. ४ अंशाचं पाणी सगळ्यात जड, त्यामुळे तळाशी जरा उबदार असतं हे खरं, पण रेनबो ट्राउट (थंड पाण्यातली एक मासळी) बऱ्याचदा बर्फाच्या लगेच खाली फिरते, तिथे ऑक्सिजन चांगला असतो. मला नाशकात गंगापूरच्या बॅकवॉटरला कणकेची गोळी लावून तळाशी रोहू धरायची सवय, तीच घेऊन कोलोरॅडोत भावाकडे गेलो आणि डोंगरातल्या एका धरणावर अख्खी सकाळ रिकामी गेली. मग भावाने भोकातला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढला, अगदी कढईतून बुंदी काढतात तसा, दोरी जेमतेम ४-५ फूट सोडली आणि दहा मिनिटांत काठीचं टोक थरथरलं!

आणि जाणाऱ्यांनी एवढं पाळाच, काचेसारखा स्वच्छ बर्फ किमान ४ इंच असल्याशिवाय पाऊल टाकू नका, पांढरा असेल तर दुप्पट जाड हवा.