क्लासच्या जाहिरातीत मुलीचे छायाचित्र : प्रवेश अर्जावरील सहीला संमती म्हणता येईल का?

प्रश्न (पालक, नाशिक)

नमस्कार. माझी मुलगी सातवीत असून एका खासगी क्लासला जाते. निकाल लागल्यावर क्लासने तिचे छायाचित्र, पूर्ण नाव, शाळेचे नाव आणि टक्केवारी आपल्या फेसबुक पानावर टाकली, आणि तोच मजकूर चौकातल्या फ्लेक्सवरही लावला. आम्हाला कोणी विचारले नव्हते. हरकत घेतली तेव्हा, ‘प्रवेश अर्जावर तुमची सही आहे, त्यात सगळे आले,’ असे उत्तर मिळाले. अर्जाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत इंग्रजी अटी आहेत, हे मला त्यानंतर दिसले. शिवाय गृहपाठासाठी जे ॲप घ्यायला लावले आहे, ते मोबाइलमधील संपर्कयादी आणि ठिकाण यांचीही परवानगी मागते. मुलांच्या माहितीबाबत नवा कायदा झाला आहे असे ऐकले. त्याचा येथे काही उपयोग होईल का?

उत्तर १ (वकील, पुणे)

आपण म्हणता तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु संमती आणि मुलांची माहिती यांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोपर्यंत त्यांच्या आधारे दंडाची मागणी करता येणार नाही. तरीही क्लासशी बोलताना हा कायदा हाताशी असलेला बरा.

या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे. कलम ९ नुसार बालकाची माहिती वापरण्यापूर्वी आईवडिलांची अथवा कायदेशीर पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. त्याच कलमात मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. येथे एक गल्लत नेहमी होते, म्हणून स्पष्ट करतो : ही मनाई मुलांना दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींना आहे, मुलांचे छायाचित्र असलेल्या जाहिरातींना नाही. आपल्या मुलीच्या छायाचित्राचा प्रश्न संमतीच्या अटीखाली येतो. पाळतीचा प्रश्न ॲपपुरता आहे.

आता सहीविषयी. संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त आणि माहितीपूर्ण असावी, असे कलम ६ सांगते. ती ज्या हेतूसाठी दिली, त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती मर्यादित असते. शिकवण्यासाठी जाहिरातीची गरज नसते आणि गणिताच्या गृहपाठासाठी पालकांच्या संपर्कयादीचीही नसते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही मागता येईल. आणि वाद झालाच, तर योग्य संमती घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार क्लासवर राहील.

उत्तर २ (शिक्षिका, सातारा)

दुसरी बाजूही मांडते. गुणवंतांचे फलक लावणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि कितीतरी पालक स्वतःहून छायाचित्र आणून देतात. नियमांमध्ये शैक्षणिक संस्थांना सूट असल्याचे आम्हाला एका प्रशिक्षणात सांगण्यात आले होते. मग शाळांनी एवढे घाबरण्याचे कारण काय?

उत्तर ३ (वकील, पुणे)

सूट आहे, हे खरे. पण ती संस्थेच्या शैक्षणिक उपक्रमांसाठी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या देखरेखीपुरती आहे. हजेरीची नोंद किंवा शाळेच्या बसचे ठिकाण त्यात बसते. पुढच्या वर्षीचे प्रवेश वाढावेत म्हणून लावलेला फ्लेक्स त्यात कसा बसवणार? जे पालक आपण होऊन छायाचित्र देतात, त्यांच्याकडून त्याच वेळी चार ओळींचे मराठी संमतिपत्र घ्यावे; शाळेलाही तेच सोयीचे पडेल.

उत्तर ४ (पालक, ठाणे)

दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत आहे, असे वाचले. त्यातले पालकांच्या हाती काही येते का?

उत्तर ५ (वकील, पुणे)

नाही. दोनशे कोटी ही कमाल मर्यादा आहे. उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य आणि कालावधी पाहून या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळ रक्कम ठरवील आणि ती भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होईल. उलट, माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील भरपाईचे कलम ४३ अ याच कायद्याने वगळले जाणार आहे. या कायद्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे, कारण ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती केवळ तक्रार उरते. तीही आधी संबंधित संस्थेकडे करावी लागते आणि तेथे दाद न मिळाल्यासच डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते.

मात्र छायाचित्राचा कोणी अश्लील वापर केल्यास या कायद्याची वाट पाहू नये. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ ब आणि २०१२ चा पोक्सो कायदा आजही लागू आहेत. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

प्रश्नकर्त्या पालकांकडून

सर्वांचे आभार. छायाचित्र काढून टाकावे आणि यापुढे कोणत्याही प्रसिद्धीला आमची संमती नाही, असे पत्र काल क्लासला दिले व पोच घेतली. फेसबुकवरील छायाचित्र आज सकाळी हटवले गेले. ॲपची संपर्कयादी व ठिकाणाची परवानगी मी मोबाइलच्या सेटिंगमधून बंद केली. गृहपाठ तरीही व्यवस्थित दिसतो आहे. फ्लेक्स अजून चौकात आहे.