मदत हवी आहे: खालचा प्रिंटर वरच्या मजल्यावर दिसत नाही. आयपी, गेटवे, डीएचसीपी म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. खाली देवघेव आणि ऑफिस, वर अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची ३५ मुलं-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात.

खालच्या राउटरचं वायफाय वर पोचत नव्हतं, म्हणून एका सभासदांनी घरचा जुना राउटर दिला. खालून लॅन केबल जिन्याच्या कडेने वर नेली आणि त्या राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या पोर्टात खोचली. इंटरनेट लगेच चालू झालं. पण खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपना दिसत नाही. परवा एक मुलगी हॉल तिकिटासाठी लॅपटॉप छातीशी धरून तीनदा जिना उतरली. खालचं वायफाय पकडलं की प्रिंटर दिसतो, वर गेलं की गायब. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. तेव्हापासून हे मनाला लागून राहिलंय.

हेल्पलाइनला फोन केला. "मॅडम, डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाका," म्हणाले. टाकलं, काही फरक नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही नेटवर्कची माहिती दाखवणारी आज्ञा देऊन दिसलं ते वहीत उतरवलं:

ऑफिसचा कॉम्प्युटर: १९२.१६८.१.१०४, गेटवे १९२.१६८.१.१
वरचा लॅपटॉप: १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१
देवघेव टेबलावरचा कॉम्प्युटर: १६९.२५४.८७.३३, गेटवेची जागा रिकामी. यावर नेट अजिबात नाही.
प्रिंटर (त्याच्याच पडद्यावर पाहून): १९२.१६८.१.२०

सबनेट मास्क पहिल्या दोन्हींचा २५५.२५५.२५५.० आहे.

सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की वरच्या लॅपटॉपवरून पिंग १९२.१६८.१.२० (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघायची आज्ञा) दिलं तर चारपैकी चार उत्तरं येतात. रस्ता आहे, मग प्रिंटर यादीत का नाही?

शब्द मी माझ्या कामावरून समजून घ्यायचा प्रयत्न केलाय. मॅक पत्ता म्हणजे पुस्तकाचा दाखल क्रमांक, आयपी पत्ता म्हणजे त्याचं कपाट आणि फळी, डीएनएस म्हणजे तालिका. बरोबर आहे का? आणि माझ्या घरच्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ च आहे. दोन ठिकाणी एकच पत्ता कसा चालतो? मुलं मला विचारतात, त्यांना चुकीचं सांगायचं नाहीये.

तारजोड:
ताई, आकडे लिहून दिलेत म्हणून सगळं इथे बसून दिसतंय.

तुमची तालिका एकदम बरोबर. वाचकाला नाव माहीत असतं, तालिका त्याला क्रमांक देते. डीएनएसही संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता काढून देतं. तुम्ही प्रिंटरला थेट आकड्याने पिंग केलंत, तिथे डीएनएसला विचारायची वेळच आली नाही. म्हणून ८.८.८.८ टाकून काही होणार नव्हतं.

दाखल क्रमांकही चपखल आहे. मॅक पत्ता कारखान्यातूनच येतो. (हल्लीचे फोन वायफायवर बनावट मॅक दाखवतात, पण प्रिंटर आणि डेस्कटॉपपुरतं हे चालेल.) आयपीला मात्र फळी म्हणू नका, अभ्यासिकेतला बैठक क्रमांक म्हणा. आला की मिळतो, ठरावीक मुदतीपुरता असतो, उद्या तोच मिळेल असं नाही. तो वाटणारा म्हणजे डीएचसीपी, आणि हे काम तुमचा राउटरच करतो. गेटवे म्हणजे त्या खोलीचं बाहेर जायचं दार.

आता कोडं. तुमच्याकडे दोन राउटर आहेत, म्हणजे दोन खोल्या आणि दोन वाटणारे. मास्क २५५.२५५.२५५.० असला की पहिले तीन आकडे खोलीचे आणि शेवटचा बैठकीचा. खाली १९२.१६८.१, वर १९२.१६८.०. लॅपटॉप प्रिंटर शोधतो तेव्हा "इथे प्रिंटर कोण आहे?" अशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. ती हाक राउटर ओलांडत नाही. पिंगमध्ये तुम्ही पत्ता लिहून दिलात, म्हणून ते दारातून बाहेर पडून प्रिंटरपर्यंत गेलं.

म्हणजे तुम्ही निम्मं काम केलंच आहे. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना 'हवा तो प्रिंटर यादीत नाही' हा पर्याय घ्या, टीसीपी-आयपी पत्त्याने जोडा आणि १९२.१६८.१.२० टाका. त्याआधी खालच्या राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यापुढे २० हा आकडा राखून ठेवा, नाहीतर बैठक बदलली की पुन्हा जिना.

घर आणि वाचनालयाचा एकच पत्ता चालतो, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखीव आहेत आणि ते बाहेर इंटरनेटवर जातच नाहीत. बाहेर पडताना राउटर आतला पत्ता काढून बाहेरचा लावतो, त्याला नॅट म्हणतात. तुमच्या वरच्या मुलांचं ते दोनदा होतंय.

१६९.२५४ हा आकडा लक्षात ठेवा. डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेऊन बसतं. त्या कॉम्प्युटरची केबल बघा, पोर्टाजवळचा दिवा लागतोय का ते बघा.

रानवारा:
तारजोड यांच्याशी सहमत, पण ताई, एक काळजीची गोष्ट. दोन राउटर वेगळे आहेत म्हणून ऑफिसचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे असं समजू नका. तुमच्या रचनेत वरून खाली जाता येतं, खालून वर येत नाही. पिंग पोचलं ते याचमुळे. ऑफिसात सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असतील, तर आधी तिथलं फोल्डर शेअरिंग बंद करा.

उलट रचना जास्त बरी: ऑफिस आणि देवघेव दुसऱ्या राउटरच्या आत, अभ्यासिका पहिल्यावर. वर वायफाय पोचवायला मग वेगळा ॲक्सेस पॉइंट (त्याच नेटवर्कचं वायफाय पुढे पोचवणारं यंत्र) लागेल. प्रिंटर अभ्यासिकेच्याच नेटवर्कवर, म्हणजे पहिल्या राउटरवर ठेवा, म्हणजे हाकही ऐकू जाईल आणि ऑफिसातूनही पत्त्याने प्रिंट निघेल. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा, तर केबल काढून आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा आणि मग केबल वॅन (बाहेरून इंटरनेट घेणारं) सोडून लॅन (आतली यंत्रं जोडायच्या) पोर्टात खोचा. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर एकाच खोलीत दोघे बैठका वाटतील आणि गोंधळ होईल. खालच्या राउटरची वाटायची संख्याही तपासा. १०० ते १४९ असेल तर ५० च पत्ते आहेत, आणि ३५ जणांचे फोन आणि लॅपटॉप धरले तर ते ७० होतात.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार.

प्रिंटर पत्त्याने जोडला. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा वरून मुलांचा आवाज ऐकू आला, मी खालीच उभी होते. २० हा आकडा राखून ठेवला, आणि तोच पत्ता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून अभ्यासिकेच्या दाराशी लावला.

देवघेवच्या कॉम्प्युटरची केबल बाहेरून खोचलेलीच दिसत होती. टोकाची प्लास्टिकची चाप तुटली होती, त्यामुळे खुर्ची सरकली की ती केसभर मागे यायची आणि दिवा विझायचा. नवी लावल्यावर १९२.१६८.१.१०९ मिळाला.

फोल्डर शेअरिंग खरंच चालू होतं, सभासदांची यादी त्यातच होती. काल रात्री बंद केलं. खालच्या राउटरमध्ये १०० ते १४९ च निघाले, ते २०० पर्यंत वाढवलेत. रचना उलटी करायची तर ऑफिससाठी आणखी एक राउटर लागेल, तो खर्च पुढच्या बैठकीत मांडते. मंजूर झाला की सुट्टीच्या दिवशी बसवू, तेव्हा इथेच लिहीन.