गाडीची जाडजूड रिमोट चावी: कव्हर घालायचं की नाही?

मानेवाडाकर

मागच्या मे महिन्यात कूलरची टाकी भरायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातली चावी सरळ पाण्यात गेली. वर सिलिकॉनचं कव्हर होतं, म्हणून निर्धास्त होतो. कव्हर सोलून काढलं तर आत चमचाभर पाणी आणि ताटीचा भुसा. बाहेर पडायला वाटच नव्हती त्या पाण्याला. पुसून उन्हात ठेवली, तरी दोन दिवसांत लॉकचं बटण गेलं, मग अनलॉकचं. नवी चावी गाडीला जोडून घेण्यासकट साडेअकरा हजार लागले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कव्हरच्या भरवशावर आपण चावी कुठेही कोंबतो. आता माझ्या चावीला कव्हर नाही. कडीला स्प्रिंगचा हूक, हूक बेल्टच्या लूपला, आणि चावी पुढच्या खिशात एकटी. सोबत चिल्लर नाही, मोबाइल नाही, घराच्या चाव्याही नाहीत. मागच्या खिशात तर कधीच नाही, कारण बसताना बटण दाबलं जातं आणि डिकी उघडी राहते. तुम्ही कशी बाळगता?

धरमपेठ४४००१०

दादा, नुकसान झालं ते शर्टाच्या खिशामुळे, आणि शिक्षा कव्हरला? माझी चावी पार्किंगच्या कोटा फरशीवर किमान चारदा पडली आहे. सिलिकॉन होतं म्हणून आजही चालते.

त्याआधीची चावी उघडी होती. तिचं काय तुटलं माहीत आहे? कडी अडकवायचा प्लास्टिकचा कान. अख्ख्या चावीत तोच सगळ्यात कमजोर भाग, आणि तुम्ही नेमका त्यालाच हूक लावून सगळा भार टाकलाय. चालताना, उतरताना, जिना चढताना प्रत्येक हिसका त्या कानाला बसतो. एक दिवस हूक बेल्टला राहील आणि चावी रस्त्यावर.

गोकुळपेठची

बेल्टचा लूप ही पुरुषांची सोय झाली. कुर्त्याला खिसा नसतो, असला तरी त्यात ही वीट मावत नाही. आमची चावी पर्समध्येच जाणार, आणि पर्स लग्नाच्या लॉनवर खुर्चीला टांगलेली असणार. तिथे चावी वेगळी आणि एकटी ठेवण्याची चैन नसते.

मी पर्सच्या आतल्या शिवणीला एक पट्टी शिवून घेतली आहे, टोकाला कडी. चावीला लालभडक चामड्याचं कव्हर. काळी चावी काळ्या अस्तरात शोधताना बेसमेंट पार्किंगमध्ये एकटं उभं राहावं लागतं, ते मला नको. माझ्यासाठी कव्हर म्हणजे चावी पटकन दिसणं, आणि ते फार मोलाचं आहे. पट्टी ओढली की चावी हातात.

वायरिंगवाला भाऊ

मी पंधरा वर्षांपासून गाड्यांचं वायरिंग करून राहिलो, म्हणून थोडं लांबवतो.

मानेवाडाकर भाऊ, तुमची चाबी पाण्यानं नाही मेली, आत सेल तसाच राहिला म्हणून मेली. पाणी अन् करंट दोन्ही असले की तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात, हिरवी बुरशी धरल्यासारख्या दिसतात. पाण्यात पडली की बटण दाबून पाहू नका. पहिले सेल काढा, दोन्ही टरफलं उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ब्रशनं पुसा, पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवून काही फायदा नाही.

आता बाळगायचं. बिनचावीच्या गाडीत, म्हणजे चाबी खिशातच ठेवून उघडणाऱ्या, दाराला हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, चाबी ते ऐकून बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर जवाब देते. म्हणून धातूचं कव्हर घेऊ नका, सिग्नल दबतो. मोबाइलला चिटकवून ठेवली तरी कधी कधी गाडी चाबी ओळखत नाही. अन् ज्या गाड्या आपण जवळ जाताच दिवे लावतात, त्या सतत हाक मारत असतात. आपल्याकडे लोकं चाबी गेटजवळच्या खिळ्याला टांगतात, गाडी पोर्चमध्ये उभी. रात्रभर दोघांचं बोलणं चालू, मग सेल लवकर बसला म्हणून तक्रार.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, डॅशबोर्डवर चाबी सोडू नका. चाबीतल्या सीआर२०३२ या गोल चपट्या सेलला बहुतेक ६० अंशांपर्यंतच चालतं, बंद काचेतला डॅशबोर्ड त्याच्या वर जातो. सेल बसलाच तर घाबरायचं नाही. चाबीच्या आतली लोखंडी पाती काढून दार उघडा अन् चाबी स्टार्ट बटणाला टेकवून दाबा. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती पुस्तिकेत पाहून ठेवा.

सदरवाले

गेटजवळच्या खिळ्याचा मुद्दा चोरीसाठीही तितकाच खरा आहे. दोघं जण येतात, एक घराच्या भिंतीशी यंत्र धरतो, दुसरा गाडीपाशी. चावीचा सिग्नल लांबवून गाडीपर्यंत नेतात आणि काच न फोडता गाडी जाते. रात्री सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. पाऊच खरा आहे का ते बघायला चावी आत टाकून गाडीच्या दाराजवळ उभं राहा आणि हँडल ओढा. उघडलं तर पैसे परत मागा. अस्तर झिजतं, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासा.

धरमपेठ४४००१०

पाऊचला विरोध नाही. पण दिवसभर तो नको, दहा वेळा काढघाल करताना चावी तिथेच पडते.

त्रिमूर्तीनगर काका

ज्यांची चावी अजून घुमवायची आहे त्यांनी जड जुडगा लावू नये. २०१४ साली जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. चालत्या गाडीत स्विच घसरून इंजिन बंद पडत होतं, आणि दुरुस्ती होईपर्यंत जुडग्यातलं बाकी सगळं काढा असं कंपनीनेच सांगितलं होतं.

आणखी एक. नातवंडं असलेल्या घरात काढलेला सेल टेबलावर राहू देऊ नका. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

मानेवाडाकर

सेल आतच ठेवून उन्हात ठेवली होती, चूक माझी. पर्सचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, ताई. बायकोची दुसरी चावी आहे, तिच्या पर्सला तशी पट्टी शिवून घेतो.

धरमपेठ, तुमचं वाचून आज सकाळी चावी खिडकीशी उजेडात धरली. कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे. अजून वर्षही झालं नाही हूक लावून.

सिलिकॉन मी आजही घेणार नाही. दुपारच्या घामानेच ते आतून ओलं होतं. संध्याकाळी बर्डीच्या बाजारात जाऊन चामड्याचं बघतो. बटणांची बाजू उघडी हवी, आणि कडी चामड्यालाच शिवलेली हवी, म्हणजे हूक तिथे लागेल आणि कानाला ओढ बसणार नाही. शिवण किती पदरी घ्यावी, कोणी वापरली असेल तर सांगा.

गोकुळपेठची

दुपदरी घ्या, आणि कडीजवळ रिव्हेट आहे ना ते बघा. माझ्या पहिल्या कव्हरला नुसती शिवण होती, आठ महिन्यांत उसवली.