विविधतेमुळे कल्याणकारी योजनांचा पाठिंबा घटतो का? रोजगार हमीच्या निमित्ताने

अनुबंध:
अल्बेर्तो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेझर या अर्थशास्त्रज्ञांच्या मते अमेरिकेत युरोपइतके व्यापक कल्याणकारी राज्य उभे राहिले नाही, यामागे वांशिक विविधता हे एक मोठे कारण आहे. आपला पैसा परक्यांच्या पदरात पडतो असे वाटले की करदाता हात आखडता घेतो. हा नियम सर्वत्र लागू असेल, तर जातीजातींत विभागलेल्या महाराष्ट्रात रोजगार हमी योजना कशी उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर कसा लावता आला, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

माळरान:
पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले मी वर्षानुवर्षे पाहत आलो, पण हा कर मुळात रोजगार हमीसाठी सुरू झाला हे मला फार उशिरा कळले. याला पाठिंबा म्हणावे की निव्वळ अनभिज्ञता, असा प्रश्न पडतो.

पाझर_तलाव:
अनभिज्ञता आज असेल, पण सुरुवातीच्या काळाला ती लागू करता येणार नाही. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे मुंबई-पुण्याकडे निघाली होती आणि गावातच काम मिळाले तर हे लोंढे थांबतील, हे शहरांनाही पटण्यासारखे होते.

माझी आई त्या वर्षी खडी फोडायला जात असे. ती सांगते की कामावर पाण्याचे माठ जातीप्रमाणे वेगळे होते, मात्र मुकादमाच्या मस्टरवर नावे एकाखाली एक होती आणि सुकडी सर्वांना एकाच पोत्यातून मिळे. आपसांतला दुरावा तसूभरही कमी झाला नव्हता, तरीही योजना चालली, आणि माझ्या मते याचे कारण तिच्या रचनेत आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या या योजनेत जो अंगमेहनतीला तयार त्याला काम, एवढीच अट होती. जातीचा दाखला किंवा गरिबांची यादी आड येत नव्हती. १९७७ च्या कायद्याने, जो १९७९ मध्ये अमलात आला, कामाची ही मागणी हक्क ठरली. याउलट अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या निवृत्तिवेतनातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्य याच कामांत होते. तिथे दुरावा कायद्याच्या कलमांतच उतरला. म्हणून केवळ विविधता मोजून उत्तर मिळेल असे मला वाटत नाही. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला वगळायचे हे कायदा कसे ठरवतो, ते आधी पाहावे लागेल.

किनारा:
रचनेचा मुद्दा मान्य आहे, पण तेवढ्याने केरळचा उलगडा होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे ५५ टक्के हिंदू, २७ टक्के मुस्लिम आणि १८ टक्के ख्रिस्ती आहेत, तरीही शिक्षण आणि आरोग्यावरील खर्चाला तिथे दीर्घकाळ पाठबळ मिळत आले. राज्यशास्त्रज्ञ प्रेरणा सिंग याचे श्रेय मल्याळी म्हणून असलेल्या सामायिक अस्मितेला देतात. संयुक्त महाराष्ट्राचा लढा देऊन १९६० मध्ये राज्य मिळवलेल्या पिढीतही, बारा वर्षांनी दुष्काळ पडला तेव्हा, अशी आपलेपणाची भावना शिल्लक असणार. आपल्या आईच्या आठवणीतले वेगळे माठ मात्र मला हे विधान फार ठामपणे करू देत नाहीत.