दंड घालणे, ठिगळ लावणे, रफू करणे : नेमका फरक काय?

सुईदोरा
कपडे-दुरुस्तीच्या कार्यशाळेसाठी भिंतीवर लावायचा मराठी तक्ता करते आहे. 'दंड' या शब्दाला शिक्षा, काठी, बाहू यांच्या जोडीने लुगड्याची जोडशिवण असाही अर्थ आहे. हा शब्द आजच्या कपड्यांना लावता येईल का? आणि ठिगळ कुठे, रफू कुठे, दंड कुठे, हे कसं सांगावं?

आडवाउभा
जरूर लावा, पण तक्त्याची सुरुवात दुरुस्तीपासून करू नका, बिघाडापासून करा. मराठीत कापड नुसतं 'खराब' होत नाही. शिवण सुटली तर ते उसवतं. खिळ्याला अडकलं तर खोच किंवा खोंबारा लागतो. घासून घासून धागे पातळ झाले तर ते विरतं. रंग गेला तर विटतं. उसवलेल्याला टीप पुरते, खोच लागलेल्याला रफू, आणि विरलेल्याला ठिगळ किंवा दंड. विटलेल्याला सुईची गरजच नाही, ते पुन्हा रंगवता येतं. फुकट जाणाऱ्या बहुतेक दुरुस्त्यांचं कारण एकच असतं : विरलेल्या जागेवर रफू केलेलं असतं. रफूच्या धाग्याला धरायला आजूबाजूला धड कापड लागतं, ते तिथे नसतं. दोन धुण्यांत रफूची अख्खी चकती सुटून येते.

विरलंय का ते पाहायला कापड उजेडासमोर धरा. विरलेला भाग जाळीसारखा दिसतो, आणि तो भोकापेक्षा नेहमी बराच मोठा असतो.

आता दंड. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, आणि विरतं ते बसण्याच्या जागी, बाकीचं धड असतं. तो विरलेला पट्टा आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन भाग जोडायचे, याला दंड घालणे म्हणतात. दोन वेगळ्या लुगड्यांचे धड भाग जोडले तरी तो दंडच.

कापताना कात्री डोळ्याच्या अंदाजाने चालवू नये. एक आडवा धागा ओढून काढावा, त्याची रेघ उमटते, त्या रेघेवर कापावं. नाहीतर लुगडं तिरकं पडतं आणि काठ जुळत नाहीत. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून ठेवा. खालच्या तुकड्याची कड वरच्यापेक्षा साधारण 1 सेंमी पुढे ठेवा. वरच्या कडेपासून अर्धा सेंमी आत बारीक धावदोरा घाला. मग पुढे आलेली कड वरच्या कडेवर दोनदा दुमडून घ्या आणि ती घडी हातशिलाईने बसवा. दोन्ही कच्च्या कडा आत बंद होतात, धागे सुटत नाहीत. शिवण्याआधी दोन्ही काठ टाचून घ्या आणि मधला सैलपणा थोडा थोडा वाटून द्या, कारण वापरलेल्या कापडाची रुंदी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. दंड निऱ्यांत दडेल अशा बेताने कापणं उत्तम. बसण्याच्या जागी आला तर शिवणीलगतच पुन्हा विरतो.

चादरीला हीच युक्ती थोडी फिरवून करतात. मधोमध विरलेली चादर लांबीत उभी कापायची, बाहेरच्या धड कडा मध्ये आणून जोडायच्या आणि नव्या बाहेरच्या कडा दुमडून शिवायच्या. यालाही दंड म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

कापूसकोंडी
रफूबद्दल थोडी भर. शब्द फारसीतून आलेला, आणि कारागीर तो रफूगार. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार काश्मिरी शालींच्या कामासाठी नावाजलेले आहेत. घरगुती रफूसाठी धागा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतल्या जादा कापडातून काढावा, म्हणजे रंग आणि जाडी आपोआप जुळते. भोकाच्या कडेपासून 1 सेंमी बाहेर, धड कापडात सुरुवात करावी. आधी सगळे उभे धागे, मग आडवे, एक वर एक खाली. गाठ मारू नये. प्रत्येक वळणावर धाग्याचा इवलासा फास सैल सोडावा. धुतल्यावर नवा धागा आकसतो, फास नसला तर रफूभोवती चुण्या पडतात.

ठिगळासाठी नवं कोरं कापड घेऊ नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं आणि जुन्याला ओढतं. शिवाय जाड नव्या ठिगळाच्या कडेशी जुनं कापड फाटतं. तेवढ्याच वजनाचं जुनेर घ्या, विरलेल्या भागाच्या चारी बाजूंनी 2 सेंमी पुढे जाईल असं कापा, उभे-आडवे धागे जुळवा, कोपरे गोल करा.

सुईदोरा
जीन्स आणल्या तर? बहुतेक मांडीच्या आतल्या बाजूला गेलेल्या असतात.

आडवाउभा
ते विरणंच. भोक पडायच्या आधी आतून ठिगळ लावलं तर जीन्स पुष्कळ टिकते. ताणणाऱ्या जीन्सला ताणणारंच ठिगळ लागतं, आणि टीप नागमोडी हवी. सरळ टीप घातली तर पहिल्याच बैठकीत दोरा तुटतो. अशा मिश्र धाग्याच्या कापडाची दुरुस्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पानिपतला जुने लोकरी कपडे रंगवार निवडून, बटणं-चेन काढून, पिंजून पुन्हा सूत करतात. पण पिंजताना तंतू आखूड होतात, म्हणून त्यात दुसरे लांब तंतू मिसळावे लागतात, आणि होतात ती मुख्यतः ब्लँकेटं. कापूस, पॉलिएस्टर आणि इलॅस्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) एकत्र विणलेलं असलं की ते वेगळं करणं आणखी अवघड. जीन्सची पुन्हा जीन्स सहजी होत नाही.

मागावर
तक्त्याच्या मथळ्यात 'टिकाऊ फॅशन' लिहिणार असाल तर विचार करा. टिकाऊ म्हणजे लवकर न फाटणारं, आणि त्या अर्थाने पॉलिएस्टर अगदी टिकाऊ आहे. पण ते धुताना बारीक प्लास्टिकचे तंतू सोडतं आणि मातीत कुजत नाही. 'सस्टेनेबल'साठी 'शाश्वत' हा शब्द जड वाटतो, मान्य, पण निदान चुकीचा नाही. मला विचाराल तर सरळ 'कपडे दुरुस्ती' लिहा.

सुईदोरा
'कपडे दुरुस्ती' पक्कं. पहिला रकाना बिघाडाचा : उसवलं, खोच लागली, विरलं, विटलं. लोकरी स्वेटरची बारीक भोकं कुठे घालू?

कापूसकोंडी
'कसर लागली' असा पाचवा बिघाड करा. त्यात सुई उचलण्याआधी कीड मारावी लागते, नाहीतर रफूशेजारी नवं भोक पडतं. स्वेटर कोरडा करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 2 आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, स्वेटर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर दव धरतं. मग झटकून रफूला घ्या.