मदत हवी आहे : प्रौढ साक्षरता वर्गांची जुनी कागदपत्रं आणि आठवणी

नमस्कार मंडळी,

आजीच्या ट्रंकेत तिची पाटी सापडली. लाकडी चौकट एका कोपऱ्यात उकललेली, मागे खडूने काढलेलं तिचं नाव अजून पुसट दिसतं. पन्नाशीनंतर ती रात्रीच्या वर्गाला जायची, भाकऱ्या उरकून. अंगठा सुटला आणि सही आली, तो दिवस ती शेवटपर्यंत सांगायची.

त्या पाटीमुळे मी प्रौढ साक्षरता योजनांचा इतिहास लिहायला घेतलाय. ठळक टप्पे जुळलेत: १९५९ मध्ये साताऱ्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम, २ ऑक्टोबर १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ चं साक्षर भारत. आताच्या २०२२-२७ च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाला १०३७.९० कोटी मंजूर आहेत, त्यात केंद्राचे ७००.

पण पैसा गावात कसा पोचला, हे मला हवंय. साक्षरता मिशनखाली नव्वदच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांत चाललेल्या संपूर्ण साक्षरता अभियानात निधी जिल्हा साक्षरता समितीकडे यायचा, शिकवणारे मात्र बिनपगारी स्वयंसेवक. मग कंदिलाचं रॉकेल कोण भरायचं? खडू, पाट्या कुठून यायच्या? मला हाच खरा इतिहास वाटतो.

कुणाच्या घरी त्या समित्यांचे हिशेब, हजेरीपट, वाचनपाठाची पुस्तकं आहेत का? नव्वदच्या दशकात तुमच्यापैकी कुणी, किंवा आईवडिलांनी, वर्ग घेतला असेल तर कृपया जिल्हा आणि साल लिहून कळवा. फोटो चालतील, मूळ कागद नकोत. शिकवणारी माणसं आता सत्तरीकडे झुकलीत, म्हणून घाई करतोय.