मदत हवी आहे: जुना व्हिडिओ टीव्हीवर लागत नाही, रविवारच्या आत हवा आहे

बोरीकाठ (मंगळवार, रात्री १०.१२)
घरचा जुना व्हिडिओ टीव्हीवर लावायचा आहे. तीन भाग आहेत. तिन्ही एमपी४ करून पेनड्राइव्हमध्ये टाकले, तर टीव्ही म्हणतो फाइल सपोर्ट होत नाही. मग दुसरा कन्व्हर्टर घेतला, त्यात तिसरा भाग अर्ध्यावरच अडकतो. दोन रात्री यातच गेल्या. रविवारी आमच्याकडे कानबाई (आपला खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) आहे, सुरतचे काका-काकू आणि सगळे भाऊबंद येणार आहेत. रात्रीच्या जागरणाला लावायचा आहे. कोणता कन्व्हर्टर चांगला तेवढं सांगा, बाकीचं मी बघून घेईन.

शिरपूरकर (रात्री १०.२५)
भाऊ, एवढ्यावरून काय सांगणार? मूळ फाइल कोणती? मोबाईलची, कॅमेऱ्याची की कॅसेटवरून केलेली? कोणत्या सॉफ्टवेअरने एमपी४ केली? लॅपटॉपवर चालते का?

केळीबाग_रावेर (रात्री १०.३१)
सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडूच नका. ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवायची, एमपी४ निवडायचं, उतरवून घ्यायचं. मी शेतातले व्हिडिओ असेच करतो. कधी अडचण आली नाही.

भुसावळ_जंक्शन (रात्री १०.४०)
केळीबाग दादा, तुमचे व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचे असतील. एका भागाची फाइल पाचशे-सहाशे एमबी निघाली तर फुकट साइट घेत नाही, घेतली तर कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारते. आणि घरच्या बायामाणसांचे व्हिडिओ कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवर का ठेवायचे? मला हे पटत नाही.

खान्देशी_पुण्यात (रात्री १०.५८)
हा आयफोनचा प्रॉब्लेम आहे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करा. आयफोन एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारात शूट करतो, जुन्या टीव्हीला ते झेपत नाही. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं.

बोरीकाठ (रात्री ११.०५)
आयफोन नाही हो. २००४ साली कुठला आयफोन! आणि मी भाऊ नाही, ताई आहे. सीडीवरच्या फाइली आहेत, नावाच्या शेवटी डॅट. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये पहिले दोन भाग छान चालतात. आधी मी नावातलं डॅट काढून एमपी४ लिहिलं होतं. ते चाललं नाही म्हणून कन्व्हर्टर घेतला.

भुसावळ_जंक्शन (रात्री ११.२०)
ताई, हे आधी सांगितलं असतं तर सगळ्यांचा अर्धा तास वाचला असता.

नाव बदलणं म्हणजे कन्व्हर्ट करणं नाही. ज्वारीच्या गोणीवर गहू लिहिलं म्हणून चक्कीतून गव्हाचं पीठ पडत नाही. तुमची सीडी ही व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी आहे, १९९३ साली ठरलेलं माप. आत एमपीईजी-१ प्रकारचं चित्र असतं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत रुंदी ३५२, उंची २८८, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज एमपी२. मिनिटाला साधारण १० एमबी पडतात. व्हीएलसी फाइलच्या नावावर विसंबत नाही, आत काय आहे ते बघतं, म्हणून तिथे चालतं. टीव्हीला एमपी४ च्या आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज लागतो. तो तुमच्या फाइलीत नव्हताच.

हँडब्रेक नावाचा कन्व्हर्टर घ्या. फुकट आहे, पण त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींतून नको. व्हिडिओ एच.२६४, क्वालिटी १८ ते २०, फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' आणि 'कॉन्स्टंट', ऑडिओ एएसी. बस.

लग्नशूटिंग_धुळे (रात्री ११.३४)
डीइंटरलेस फिल्टर लावायला विसरू नका. जुन्या हँडीकॅमच्या व्हिडिओत हात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. वीस वर्षं हेच काम करतोय, मी प्रत्येक जुन्या फाइलला लावतो. आणि साइझ ७२०पी करा, मोठ्या टीव्हीवर बरं दिसतं.

भुसावळ_जंक्शन (रात्री ११.४१)
दादा, डीव्हीडीला आणि डीव्ही कॅसेटला लावा, बरोबर आहे. व्हीसीडीला नको. एमपीईजी-१ मध्ये इंटरलेस (एकाआड एक रेघांनी जुळवलेलं चित्र) नसतंच, सीडी बनवतानाच ते निघून गेलेलं असतं. वरून फिल्टर लावला तर आहे तेही चित्र पुसट होईल. ७२०पी करून नवीन बारकावे येत नाहीत, फाइल तेवढी फुगते.

लग्नशूटिंग_धुळे (रात्री ११.५०)
पुस्तकातलं वेगळं आणि पडद्यावरचं वेगळं. माझ्या गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही.

शिरपूरकर (रात्री ११.५६)
ताईंनी एकेक मिनिट दोन्ही पद्धतींनी करून बघावं. वाद मिटेल.

बोरीकाठ (बुधवार, दुपारी १.१५)
करून बघितलं. फिल्टर न लावलेलं स्वच्छ दिसतं. फिल्टर लावला की टाळ्या वाजवणारे हात धुरकट होतात. पहिले दोन भाग टीव्हीवर लागले! सकाळी माझ्या आईने पाच मिनिटं बघितलं आणि पदराने डोळे पुसले.

पण तिसरा भाग सीडीवरून कॉपीच होत नाही. विंडोज म्हणतं सायक्लिक रिडंडन्सी चेक, म्हणजे सीडी वाचताना चूक. मी अर्धवट आलेली फाइल कन्व्हर्टरला देत होते, म्हणून ती अर्ध्यावर थांबत होती, हे आत्ता कळलं. मला हवी असलेली गाणी त्यातच आहेत. माझी आजी, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो, ती कानबाईची गाणी म्हणते आहे. तिचा आवाज याशिवाय कुठेच नाही.

केळीबाग_रावेर (दुपारी १.३०)
सीडीला टूथपेस्ट चोळा, पाच मिनिटांनी धुवा. पांढरीच घ्यायची, जेल नको. हमखास चालते.

लग्नशूटिंग_धुळे (दुपारी १.३८)
अजिबात नको! इथे मी आणि भुसावळवाले एकाच बाजूला आहोत. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिशकागदच. एकच सीडी आहे, तिच्यावर प्रयोग करायचे नाहीत. साध्या पाण्याने ओलं केलेलं मऊ सुती फडकं घ्या, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी सीडी दुसरा कधी कधी वाचतो.

भुसावळ_जंक्शन (दुपारी १.५२)
किती मिनिटांवर अडते? आणि चरा कोणत्या बाजूला आहे, चकचकीत की नावाच्या?

बोरीकाठ (दुपारी २.४०)
पुसली. शेजारच्या सायबर कॅफेच्या ड्राइव्हमध्येही तेच. ५२ मिनिटांची आहे, ३८ व्या मिनिटाला अडते. चकचकीत बाजू आरशासारखी आहे, एकही चरा नाही.

भुसावळ_जंक्शन (दुपारी २.४८)
मग नावाची बाजू बघा. काय लिहिलंय, कशाने?

बोरीकाठ (दुपारी ३.०५)
पहिल्या दोन सीडींवर स्टुडिओवाल्याने जाड मार्करने आकडा घातलाय. तिसरीवर आमच्या आप्पांनी स्वतः बॉलपेनने लिहिलंय. वर 'कानबाई २००४', मधे 'भाग ३', खाली कडेजवळ 'मायची गाणी'. आप्पांची दाबून लिहायची सवय होती. बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात.

भुसावळ_जंक्शन (दुपारी ३.२२)
तेच असणार, ताई. लोकांना वाटतं माहिती चकचकीत बाजूला असते. प्रत्यक्षात सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि माहितीचा थर नावाच्या बाजूला, पातळ लाखेच्या आवरणाखाली असतो. बॉलपेनचं टोक ते आवरण दाबून चांदीच्या थराला टोचतं. ट्यूबलाइटसमोर धरून बघा, अक्षरांच्या जागी बारीक ठिपक्यांतून उजेड दिसेल.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेजवळचं लिहिणं शेवटाकडच्या मिनिटांवर पडलं. त्यात व्हीसीडीचं आणखी एक दुखणं. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट माहिती असते आणि वर चुका दुरुस्त करायची जादा सोय. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून ती जादा सोय काढून चित्राला २३२४ बाइट दिले. म्हणून ती जरा दुखावली की लगेच अडते.

ठिपक्यांखालचं परत येणार नाही. पण त्याच्या पुढचं सगळं येऊ शकतं. विंडोजची कॉपी पहिल्या चुकीला हात टेकते. आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर न वाचलेला सेक्टर सोडून किंवा शून्याने भरून पुढे जातं. आणि आयएसओ इमेज (अख्ख्या सीडीची एका फाइलीत प्रत) करायच्या वाटेला जाऊ नका, व्हीसीडीचे सेक्टर त्यात नीट बसत नाहीत.

तोरणमाळ (दुपारी ४.१०)
विषय थोडा वेगळा, पण मोठी माय अहिराणीत म्हणते का? ही गाणी कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजेत. आमच्याकडे नंदुरबारला आता जागरणाला स्पीकरच लावतात, म्हणणारं कोणी राहिलं नाही. आपली भाषा गोड शे, पण घरातच बोलत नही कोणी.

खान्देशी_पुण्यात (दुपारी ४.२५)
खरंय. पुण्यात आम्ही कानबाईच्या नैवेद्याचे रोट करतो, पण गाणी मोबाईलवर. माझ्या आईला चार-पाच येतात, पुढच्या वेळी रेकॉर्ड करतो. ताई, रोटाला गहू घरी दळता की चक्कीवर?

शिरपूरकर (दुपारी ४.३१)
मंडळी, रोटाचा वेगळा धागा काढा. आधी ताईंचं काम होऊ द्या.

बोरीकाठ (गुरुवार, रात्री ९.५०)
ट्यूबलाइटसमोर धरली. 'गाणी'तल्या 'ण'च्या काठीवर तीन ठिपके, सुईच्या टोकाएवढे. त्यातून उजेड येतो. आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली, ते अक्षर बघत बराच वेळ बसले होते.

आयसोबस्टरला दीड तास लागला, मधेच ड्राइव्ह घरघरायचा. पण शेवटपर्यंत गेलं! साधारण ९ सेकंद चित्र फुटतं, नंतर सगळं आहे. फक्त त्या जागेनंतर मोठी मायचा आवाज आधी येतो आणि ओठ नंतर हलतात. एवढं कसं दुरुस्त करू?

लग्नशूटिंग_धुळे (रात्री १०.०५)
आवाज मागेपुढे सरकवत बसू नका. फुटलेल्या जागेत चित्र आणि आवाज सारखे गेलेले नसतात, म्हणून पुढचं सगळं घसरतं. फाइलीचे दोन तुकडे करा. ३८ व्या मिनिटापर्यंतचा एक, खराब जागा संपल्यावरचा दुसरा. दोन्ही वेगवेगळे एमपी४ करा. दुसऱ्या तुकड्यात आवाज आपोआप जुळायला पाहिजे. मग एडिटरमध्ये एकामागे एक जोडा, मधे एक सेकंद काळा पडदा ठेवा.

भुसावळ_जंक्शन (रात्री १०.११)
हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे.

बोरीकाठ (शनिवार, सकाळी ८.२०)
जुळलं! लावून बघितलं, ओठ आणि आवाज बरोबर. गेलेल्या ९ सेकंदांत गाण्याची एक ओळ होती, ती आत्याला पाठ आहे. आजच सुरतच्या गाडीने येते आहे.

शेवटचा प्रश्न. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. भाऊ म्हणतो झूम करून घालव.

भुसावळ_जंक्शन (सकाळी ८.३४)
घालवू नका. तेव्हाचं चित्र चारास तीन होतं, आताचा टीव्ही सोळास नऊ. ताणलं तर मोठी माय आडवी पसरलेली दिसेल, झूम केलं तर डोक्यावरचा पदर आणि पुढ्यातली कानबाई कापली जाईल. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझमध्ये 'ओरिजिनल' किंवा चारास तीन ठेवा.

आणि मूळ डॅट फाइली आणि आयसोबस्टरने काढलेली फाइल पुसू नका. लॅपटॉप सोडून आणखी दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत सुरतला काकांकडे द्या. सीडी कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवा, वर आता काही लिहू नका.

बोरीकाठ (सकाळी ८.४१)
पट्ट्या राहू देते. पेनड्राइव्ह काकांसाठी कालच घेतला.